बायजाक्का, बाई आणि काकी

बायजाक्का भुतांना 'पावणं' म्हणायची.

कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणतातच, त्यात नवल काही नाही. पण बायजाक्का जिथे कोणीच नसे तिथे म्हणायची. सकाळी म्हशी रंकाळ्यावर नेताना ती तालमीमागच्या चिंचेखाली थांबे, काठी आडवी धरे आणि मोकळ्या रस्त्याला खणखणीत आवाजात सांगे, "पावणं, जरा कडंला सरका. म्हशी जात्यात. अंगावर शेपूट बसलं तर मला बोलायचं न्हाय." मग पावण्यांना सरकायला पुरेसा वेळ देऊन म्हशी हाके. मागे खोळंबलेला टांगेवाला ओरडू लागला की म्हणे, "तुला घाई हाय, त्यास्नी न्हाय. मिटलं!"

'मिटलं' म्हणून ती भांडण संपवायची. पुष्कळदा ते सुरू व्हायच्या आधीच.

लग्न होऊन मी त्या गल्लीत आले तेव्हा संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी दारात एक धिप्पाड बाई उभी. नऊवारीचा कासोटा घट्ट मारलेला, डोक्याला पंचा गुंडाळलेला, काखेत दुधाची चरवी. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि माझ्या सासूबाईंना सांगितलं, "सून बारीक हाय. दूध वाढवा." आमच्याकडे कुणी काही ठरवायच्या आत दूध वाढलंसुद्धा.

पुढे ओळख झाल्यावर मी धीर करून विचारलं, "बायजाक्का, तुमचे मालक?"

"व्हतं की. गडमुडशिंगीचं."

"मग?"

"म्हशीला भ्यायचं."

एवढ्यावर तिने संसाराची हकिकत आटोपली. बाकीची सासूबाईंनी सांगितली. लग्न अगदी लहानपणी झालेलं, नवरा तापात गेला, बापाने पोरीला परत आणली ती गोठ्यातच वाढवली. बाप गेल्यावर ती आणि म्हशी, एवढंच घर उरलं. गोठ्याला लागून एक खोली होती. तिथे ती निजायची आणि जेवायची मात्र गोठ्यात, उभ्याउभ्या.

आमच्या समोरचं घर रिकामं होतं. दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीत झोपाळा आणि दाराशी बुचाचं उंच झाड. त्या घरातल्या गंगूकाकी वारल्या होत्या, पण घर सोडून गेल्या नव्हत्या. ही ऐकीव गोष्ट नाही, मी स्वतः पाहिलेलं सांगते. भर दुपारी, वारा पडलेला असताना तो झोपाळा हलायचा. चुलीवर कुणी नसताना मिश्री भाजल्याचा वास यायचा. काकी जिवंतपणी कडक होत्या म्हणतात. मेल्यावर त्यात काही फरक पडला नव्हता. उंबऱ्याच्या आत कुणी चपला घातल्या तर त्या थेट रस्त्यावर जाऊन पडत. एक बिऱ्हाडकरू तंबाखू खाऊन कोपऱ्यात थुंकायचा. त्याची गादीच एके दिवशी अंगणात निघाली. त्यानंतर त्या घरात कुणी टिकेना.

अशा घरात, भाद्रपदात, ऐन पितृपक्षात मालतीबाई राहायला आल्या.

त्या मूळच्या नाशिकच्या. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला आल्या होत्या. एकट्या, बिनलग्नाच्या बाईला कुणी जागा देईना, म्हणून त्यांनी हे घर घेतलं. अंगाने काटकुळ्या, डोळ्यांवर चष्मा, बोलणं छापील पुस्तकासारखं. सासूबाईंनी त्यांना काकींची कल्पना दिली, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "झोपाळा हलणं ही हवेच्या दाबाची बाब आहे."

दुसऱ्या सकाळी बायजाक्का दूध घेऊन गेली. मी आमच्या उंबऱ्यावर सडा टाकत होते, त्यामुळे सगळं ऐकलं. मालतीबाई दारात उभ्या. त्यांच्या खांद्यावरून आत बघत बायजाक्काने हाक दिली, "काकी, येऊ का आत?"

"काकी?" मालतीबाईंचा चेहरा उतरला. "अहो, मला अजून तिशी लागायची आहे."

"तुमी न्हवं वो! मागं बसल्यात त्या."

मालतीबाईंनी मागे वळून पाहिलं. झोपाळा मंद हलत होता. "हवेचा दाब," त्या म्हणाल्या. पण आवाज जरा बारीक आला.

"दाब न्हवं, काकीच," बायजाक्का म्हणाली. "मिटलं. भांडं आना."

आठवडाभर मालतीबाई हवेच्या दाबाला चिकटून होत्या. मग त्यांनी एक प्रयोग केला. शाळेजवळच्या गवळ्याकडून दूध आणलं, सोयीचं पडतं म्हणून. ते आणलं की भांडं कलंडायचं. फळीवर ठेवलं तरी कलंडायचं, जमिनीवर ठेवलं तरी कलंडायचं. शेवटी त्या आमच्याकडे आल्या, पदराने चष्मा पुसला आणि खाली बघून म्हणाल्या, "बायजाक्कांना निरोप द्याल का? आमच्या काकींना त्यांचंच दूध लागतं."

'आमच्या काकी' म्हणाल्या, तेव्हा सासूबाई माझ्याकडे बघून डोळ्यांत हसल्या.

त्या दिवसापासून बायजाक्काचं सारं वेळापत्रक बदललं. इतरांच्या दारी ती दूध ओतून पाठ फिरवायची. समोरच्या घरी मात्र आधी काकींची परवानगी, मग दूध, मग काकींची ख्यालीखुशाली, आणि मग मालतीबाईंच्या हातचा चहा. आमचं दूध उशिरा येऊ लागलं. सासूबाई कुरकुरल्या, तर म्हणाली, "काकीचं आन् बाईचं कशावरनं तरी वाजलं व्हतं. समजूत घालत बसलो."

"कशावरून वाजलं?"

बायजाक्का विचारात पडली. "ते अजून ठरायचं हाय," असं म्हणून निघून गेली.

तिच्या 'बसलो'ने मालतीबाईंना फार त्रास व्हायचा. आमच्या भागात बायकासुद्धा 'मी आलो, मी जातो' म्हणतात. नाशिकच्या कानाला ते कसं सोसावं?

"आलो, बाई!" बायजाक्का दारातून ओरडे.

"आले म्हणावं, बायजाक्का. तुम्ही बाई आहात."

"बाई तुमी. मी बायजा. आलो!"

एकदा मी विरजण मागायला गेले होते. मालतीबाईंनी शाळेतला पृथ्वीचा गोल घरी आणला होता आणि बायजाक्का त्याच्यासमोर मांडी घालून, एखादी नवी म्हैस पारखावी तशी बसली होती.

"एवढं पानी खालच्या अंगाला चिकटून कसं ऱ्हातंय? सांडत का न्हाय?"

"पृथ्वी सगळ्यांना आपल्याकडे ओढून धरते," मालतीबाई म्हणाल्या. "पाण्याला, झाडांना, माणसांना. तुम्हालाही."

बायजाक्काचा गोलावरचा हात तसाच राहिला, नजर मात्र मालतीबाईंवर गेली. "म्हंजे ह्यात मानसाचा दोष न्हाय," ती हळू म्हणाली. "वढलं की जायाचं."

मालतीबाईंचे कान लाल झाले. मी विरजण न घेताच परत आले.

त्याच सुमाराला बायजाक्काने कागलच्या बाजारातून एक तरणी म्हैस आणली. तिचं नाव ठेवायचा मान मालतीबाईंना मिळाला. त्यांनी गोल फिरवला, डोळे मिटले आणि बोट टेकवलं. तेव्हापासून आमच्या पेठेत ब्राझील नावाची म्हैस होती. बायजाक्का ते नाव 'बराजील' असं घ्यायची, आणि इतक्या कौतुकाने की तो देश ऐकता तर फुगून गेला असता. म्हशीला वळण लावण्याच्या निमित्ताने मालतीबाईही रोज संध्याकाळी गोठ्यावर जाऊ लागल्या. त्या पट्टी हातात घेऊन "ब्राझील, इकडे ये," असं वर्गातल्या आवाजात म्हणायच्या, आणि ती म्हैस मुकाट यायची.

दसऱ्याला बायजाक्काने घरोघर सोनं वाटलं. आम्हा सगळ्यांच्या हातात आपट्याची पानं कोंबून "सोनं घ्या, सोन्यावानी ऱ्हावा, मिटलं!" म्हणत ती समोरच्या दारात पोचली आणि तिथे तिचा आवाजच गेला. हात पाठीमागे. पाठीमागच्या हातात अख्खी फांदी.

"काही द्यायचं आहे का?" मालतीबाईंनी विचारलं.

"न्हाय. व्हय. हे... घ्या."

फांदी त्यांच्या हातात देऊन ती तरातरा निघून गेली. जोडीला आणलेल्या म्हशी आमच्या दारातच विसरली. मालतीबाई फांदी कवटाळून उभ्या होत्या, डोक्यावर बुचाची फुलं पडत होती, आणि आत झोपाळा असा जोरात चालला होता की कड्या वाजत होत्या. सासूबाई मला म्हणाल्या, "काकींना बरं वाटलंय." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मलाही."

थंडी पडू लागली. सकाळी रंकाळ्यावर धुकं, लांबवरून पहिल्या गुऱ्हाळांचा गोडसर धूर, आणि त्या धुरातून ब्राझीलला हाका मारीत चाललेल्या दोघी, असं रोजचं दृश्य झालं. आणि दिवाळीत मालतीबाईंचे मोठे भाऊ आले.

अनंतराव वाईट गृहस्थ नव्हते. बहिणीची त्यांना काळजी होती, आणि काळजी करणाऱ्या माणसासारखं त्यांनी तिला न विचारता सगळं ठरवून टाकलं होतं. जळगावकडचे एक वकील, बायको गेलेली, पदरी मुलं. भाऊबीज झाली की बहिणीला घेऊन जायचं. "भुताच्या घरात राहतेस, आणि सोबत म्हशीवालीची. आपल्याकडे कानावर आलं तर काय म्हणतील?" हे ते पडवीत मोठ्याने बोलले, तेव्हा दारात बायजाक्का चरवी घेऊन उभी होती.

आम्हाला वाटलं, आता 'मिटलं' ऐकू येणार आणि अनंतराव रंकाळ्यात पडणार. पण तिने चरवी उंबऱ्यावर ठेवली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात आत सांगितलं, "काकी, बाईस्नी नीट पाठवा." आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी पाडव्याला दूध आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

म्हणून भाऊबीजेच्या सकाळी मीच गोठ्यावर गेले. त्या संध्याकाळी आमच्या पेठेत म्हशींची मिरवणूक असायची. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, आणि मग ज्याची म्हैस गर्दीतून त्याच्या हाकेला धावत येईल तो शेर. बायजाक्का दरवर्षी शेर. आणि आज ती ब्राझीलपाशी बसलेली, एक शिंग रंगवलेलं, दुसरं तसंच.

"बाईंना थांबवा ना," मी म्हणाले.

"मी कोन थांबवनार, वैनी? कशाच्या जोरावर?" तिने कुंचला पाण्यात बुडवला. "एक सांगतो. कुनाला सांगू नगा. मला पावणं दिसत न्हाईत."

"म्हणजे?"

"कदीच न्हाय दिसलं. आबा गेला, खोलीत कोन न्हाय. बोलल्याबिगर जीव ऱ्हाईना. म्हशी किती ऐकतील? मग वाटंला बोलाय लागलो. लोक म्हनाली, बायजीला भुतं दिसत्यात. म्हटलं, म्हनू द्यात. एकटी हाय म्हन्ल्यापरास ते बरं." तिने नाक ओढलं. "एवढी वर्सं हाका मारल्या, कुनी ओ दिली न्हाई. त्या घरात पयल्यांदा मिळाली. काकीनं झोपाळा हालवला, आन् बाईनं भांडं फुडं केलं."

 मी दुसरं शिंग रंगवायला घेतलं. ते वाकडं रंगलं.

दुपारी मी आणि सासूबाई फराळाचं ताट घेऊन समोर गेलो. तिथे वेगळाच गोंधळ चालला होता. अनंतरावांनी सकाळी बहिणीची ट्रंक भरली होती आणि जेवून जरा आडवे झाले होते. उठून बघतात तर सगळी लुगडी पुन्हा वलणीवर, नीट घड्या घालून. त्यांनी पुन्हा भरली. हातपाय धुऊन येईपर्यंत लुगडी पुन्हा वलणीवर. आणि त्यांची स्वतःची टोपी झोपाळ्यावर बसून झोके घेत होती.

"मालू, चल इथून," ते घामाघूम होऊन म्हणाले. "सामान राहू दे. हे घर वाईट आहे. ती बया लुगडी काढते आहे."

मालतीबाई पाटाशेजारी ओवाळणीचं तबक घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तबक खाली ठेवलं. "पहिल्यांदा काकींनी काढली, दादा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा मी."

अनंतरावांनी वलणीकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"मला ते वकील नकोत. दुसरे कुणीही नकोत. मी येत नाही. मी इथंच राहतो."

"राहतो?" अनंतराव किंचाळले. वकील नको म्हटल्याचं त्यांना एवढं लागलं नसावं. "मालू, काय बोलतेस तू हे? राहतो?"

"हो. राहतो."

"त्या बाईसाठी? कोण लागते ती तुझी?"

भूगोलातलं काहीही विचारा, मालतीबाईंना तोंडपाठ. इथे त्या अडल्या.  मग म्हणाल्या, "काय म्हणतात ते मला माहीत नाही, दादा. दोन दिवस ती आली नाही. दोन दिवस मी जेवलेली नाही. तुमच्या लक्षात तरी आलं का?"

 अनंतरावांच्या ते लक्षात आलं नव्हतं, आणि ते कळल्यावर त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसू लागला. मालतीबाईंनी त्यांना ओवाळलं, त्यांच्या पाया पडल्या, आणि चपला अडकवून बाहेर पडल्या. त्यांच्यामागे आम्ही. आमच्यामागे, टोपी तिथेच सोडून, अनंतरावही.

चौकात ही गर्दी. हलग्या कडाडत होत्या. बायजाक्काची पाळी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. ब्राझील एका टोकाला, वाकड्या शिंगाची आणि देखणी. दुसऱ्या टोकाला बायजाक्का. तिने हाक दिली. पण ती हाक नव्हतीच, हलग्यांत बुडालेली कुजबुज होती. ब्राझील हलली नाही. पुन्हा हाक, पुन्हा तसंच. जिच्या आवाजाने टांग्याची घोडी बुजायची तिला तोंडातून शब्द काढता येईना. लोक हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "बायजे, पावण्यास्नी सांग की वढून आनायला!"

तेवढ्यात गर्दीतून आवाज आला. भरलेल्या वर्गाला एका दमात गप्प करणारा.

"ब्राझीऽऽल! इकडे ये!"

म्हशीने कान टवकारले आणि ती सुटली. हलगीवाले पळाले, भजीवाल्याने कढई उचलली, दोन्ही बाजूंची माणसं भिंतींना चिकटली. मोरपिसं उडवत ब्राझील गर्दी चिरत आली आणि मालतीबाईंच्या पुढ्यात येऊन अशी थांबली की तिच्या श्वासाने त्यांचा चष्मा धुरकटला. चौकात जो ओरडा उठला तो पार रंकाळ्यापर्यंत गेला असेल.

बायजाक्का चालत चालत आली. म्हशीकडे तिने पाहिलंही नाही.

"दूध आलं नाही दोन दिवस," मालतीबाई म्हणाल्या. "घरात वाट बघतात."

"काकी बघत्यात?"

"मी बघतो."

बायजाक्काने डोक्यावरचा पंचा सोडला, तोंडावर धरला, आणि भर चौकात, सगळ्या पेठेसमोर, ती धाय मोकलून रडली. रडता रडता हसत होती. मालतीबाईंनी तिचा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. पुढे चालली होती ब्राझील, गळ्यात शेराचा हार घालून, आणि पंचांनी नारळ कुणाला द्यायचा यावर वाद घातला तेव्हा सासूबाईंनी पुढे होऊन सांगितलं, "दोघींना द्या."

अनंतराव दुसऱ्या दिवशी एकटेच नाशिकला गेले, थोडे रुसून. पण पुढच्या भाऊबीजेला आले ते दोन लुगडी घेऊन. एक सहावारी, एक नऊवारी. नऊवारी कुणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, नुसतं पाटावर ठेवलं.

ते वर्षभरानंतरचं. त्याआधी, कार्तिकातल्या एका सकाळी, बायजाक्का वळकटी काखेत मारून समोरच्या घरी राहायला आली. गोठा हाकेच्या अंतरावर होताच. गल्लीतल्या बायका खिडक्यांतून बघत होत्या. काय होतंय आणि त्याला काय म्हणायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मालतीबाई तिला आणायला कोपऱ्यापर्यंत गेल्या होत्या, दोघी बरोबरच दारापाशी पोचल्या, आणि मालतीबाई किल्ली शोधू लागल्या, तोच आतून कडी निघाली आणि दार उघडलं.

"थांबा," मागून सासूबाई म्हणाल्या.

त्यांच्या एका हातात पाण्याचा तांब्या होता, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. मी सून म्हणून आले त्या दिवशी त्यांनी तो माझ्यावरून ओवाळून टाकला होता. त्यांनी दोघींना शेजारी शेजारी उभं केलं, दोघींवरून तो ओवाळला, डोळ्यांना पाणी लावलं आणि बाजूला झाल्या.  

बायजाक्का पुढे जाईना. एवढी धिप्पाड बाई, उंबऱ्याकडे बघत उभी राहिली. मग मालतीबाईंकडे वाकून, फक्त त्यांनाच ऐकू जावं अशा बेताने तिने विचारलं. पण तिचं हळू बोलणं ते, अर्ध्या गल्लीने ऐकलं.

"बाई, उजवा टाकायचा का डावा? माझ्या लग्नात मला मामानं कडंवर घेऊन आत नेलं व्हतं. मला ठावंच न्हाय."

"कुठलाही टाका," मालतीबाई म्हणाल्या, आणि तिच्या काखेतली वळकटी त्यांनी स्वतःकडे घेतली.